दुसऱ्याच्या हाती असलेले दात

सकाळी उठून दात घासावयास किती वेळ लागतो, असा साधा प्रश्न आम्ही गेल्या वर्षी आरोग्याच्या तासाला वर्गात विचारला होता. बहुतेकांनी "दोन मिनिटे" असे ठोकून दिले. (खरा वेळ अर्ध्या मिनिटाच्या पुढे जात नसावा, असा आमचा संशय आहे, पण तो असो.) त्याच वर्गात खिडकीजवळ चाकांच्या खुर्चीत बसणारा एक विद्यार्थी आहे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, हा त्याचा जन्मापासूनचा सोबती. त्याचे बोलणे सावकाश चालते. परंतु ऐकणाऱ्याने धीर धरला तर प्रत्येक शब्द कळतो. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "ते आईला विचारा." वर्ग हसला, आम्हीही हसलो. त्या उत्तरात केवढा अर्थ होता हे आम्हांस पुढे चार महिन्यांनी, फार लाजिरवाण्या रीतीने, उमगले.

पावसाळ्याचे दिवस होते. हा मुलगा डबा खाईनासा झाला. तास चालू असता तो मुठीने आपल्याच गालावर मारून घेई, डोके खुर्चीच्या पाठीवर आपटी आणि कोणी जवळ गेले की ओरडे. शिक्षकांच्या खोलीत आम्ही सर्वांनी मिळून त्याचे निदान करून टाकले : मुलगा हट्टी झाला आहे. त्याच्या वहीत "अभ्यासाकडे लक्ष नाही" असा शेराही आमच्याच हाताने पडला. तिसऱ्या दिवशी त्याची आई ती वही घेऊन आली आणि आमच्या घरच्याच बोलीत म्हणाली, "मास्तर, तो हट्टी न्हय. ताका कितें तरी दुखता." तो हट्टी नव्हे, त्याला काहीतरी दुखते आहे, हे तिला वही न वाचताच ठाऊक होते.

दुखत होती खालची दाढ. ती शोधून काढावयास त्या माऊलीला दोन दवाखाने पालथे घालावे लागले. पहिला दवाखाना वरच्या मजल्यावर. मुलाला उचलून जिना चढल्यावर तेथे सांगण्यात आले की, मूल शांत झाले म्हणजे घेऊन या. दाढ दुखत असता ते शांत कसे व्हावे, हे मात्र कोणी सांगितले नाही. दुसऱ्या ठिकाणच्या दंतवैद्यबाईंनी त्याला खुर्चीतून न हलविताच बॅटरीच्या उजेडात तोंड पाहिले. दाढ मुळापर्यंत किडून आत पू झाला होता. ती काढावी लागली. आठवड्याने मुलगा शाळेत आला, डबा खाल्ला, आणि त्याचा "हट्ट" कोठे गेला ते आम्हांस दिसले नाही. आम्ही वहीतला शेरा खोडला. पण खोडलेली अक्षरे तशीच दिसतात. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले, आणि त्यातूनच हा लेख लिहिण्याचे आम्ही योजिले.

प्रथम एक समज दूर केला पाहिजे. दिव्यांग माणसाचे दात किडणारच, तो त्या अपंगत्वाचाच भाग, असे अनेक घरांत धरून चालतात. वस्तुतः दात किडण्याची रीत सर्वांच्या तोंडात एकच आहे. दातांवर जंतूंचा एक मऊ, चिकट थर सतत साचत असतो. आपण खाल्लेल्या साखरेवर ते जंतू जगतात आणि तिचे आम्ल करतात. हे आम्ल काही मिनिटांतच दातावरील कठीण आवरणातील क्षार विरघळवू लागते. लाळ त्या आम्लाचा प्रतिकार करते, झिजलेले क्षार थोडेबहुत परतही देते. परंतु या कामास तिला अर्धा तास ते तासभर लागतो. तेवढ्यात दुसरा गोड घास आला की तिची मेहनत वाया जाते. हाच थर हिरडीच्या कडेला राहिला तर हिरडी सुजते, तिच्यातून रक्त येते. थर कठीण होऊन त्याचे किटण बनते, आणि पुढे दात धरून ठेवणारे हाडच झिजू लागते. या सगळ्यावर पहिला उपाय म्हणजे तो थर दररोज पुसून काढणे. तुमच्याआमच्या हाताला हे जमते. ज्याचा हात थरथरतो, ज्याला ब्रश दिसत नाही, किंवा दात का घासावयाचे हेच उमगत नाही, त्याचे दात दुसऱ्याच्या हाती असतात, आणि तो दुसरा हात थकलेला, घाईतला अथवा अजाण असू शकतो. खरी अडचण आहे ती येथे.

याचा अर्थ शरीराचा काहीच संबंध नाही असाही नव्हे. सेरेब्रल पाल्सीत जीभ आणि गालाचे स्नायू मनाप्रमाणे चालत नसल्यामुळे अन्नाचा घास गालाच्या कोपऱ्यात तासन्‌तास पडून राहतो. ब्रश लागताच दातखीळ बसावी तसे तोंड आपोआप मिटते, ते मूल मुद्दाम मिटीत नसते. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची गोष्ट निराळी. त्यांचे दात उशिरा येतात, काही मुळी येतच नाहीत. कीड पुष्कळदा कमी असते, म्हणून घरचे निश्चिंत राहतात. आणि हिरड्यांचा रोग मात्र ऐन तारुण्यात दात हलवून सोडतो. शिवाय त्यांच्यातील सुमारे निम्मी मुले हृदयातील दोष घेऊन जन्मतात. हिरडीतील जंतू रक्तात शिरून अशा हृदयाला अपाय करू शकतात, म्हणून दंतवैद्याकडे पाऊल ठेवताच हृदयाची हकीकत आधी सांगावयाची.

औषधांचेही असेच. फेफऱ्यावर फेनिटॉइन नावाचे औषध १९३८ साली उपयोगात आले आणि असंख्य रोग्यांना त्याने आधार दिला. पण दुसऱ्याच वर्षी, १९३९ मध्ये, ते घेणाऱ्यांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात असे नोंदले गेले. औषध आपल्या मनाने थांबविणे हा त्यावर उपाय नव्हे; त्याने झटका येऊन जीवावर बेतेल. दात स्वच्छ ठेवले तर ही वाढ पुष्कळ आटोक्यात राहते, आणि औषध बदलणे शक्य आहे काय हे वैद्यांना विचारता येते. आणखी कित्येक औषधांनी तोंड कोरडे पडते, म्हणजे लाळेचे संरक्षण जाते. मुलांची पातळ औषधे तर बहुधा साखरेच्या पाकातच असतात, आणि ती द्यावयाची झोपताना! दात घासल्यावर पाजलेले गोड औषध रात्रभर दातांशी राहते. बिनसाखरेचे मिळते काय, हे औषधाच्या दुकानात एकदा विचारावे.

आता साखरेचा विषय निघाला आहे तर एक हकीकत सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. ती आपल्या देशातील नाही. परंतु "दोन जेवणांच्या मध्ये चिकट गोड खाऊ नये" हे वाक्य तुम्ही ज्या ज्या पुस्तकात वाचता, त्या प्रत्येक पुस्तकामागे ती उभी आहे. स्वीडन देशात लुंड या विद्यापीठाच्या गावाजवळ व्हिपेहोल्म नावाचे मोठे रुग्णालय १९३५ साली उघडण्यात आले. ज्यांना शिकविता येणार नाही असे त्या काळच्या सरकारने ठरविले होते, अशी तीव्र बौद्धिक अक्षमता असलेली माणसे तेथे ठेवीत. त्या वेळी स्वीडनमध्ये दंतकीड घरोघर होती आणि तिचे कारण काय याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नव्हते. म्हणून शासनाच्या सांगण्यावरून १९४५ पासून या रुग्णालयात प्रयोग सुरू झाले. आरंभी जीवनसत्त्वे देऊन पाहिली. १९४७ पासून साखर. एका गटाला जेवणात विरघळलेली साखर, एकाला गोड पाव, एकाला चॉकलेट, आणि काहींना मुद्दाम अधिक चिकट बनविलेली टॉफी, दोन जेवणांच्या मध्ये, दिवसाला आठ, तर काहींना चोवीस! या कामी लागलेल्या पैशात मिठाई आणि साखरेच्या धंद्याचाही वाटा होता.

निकाल १९५४ साली प्रसिद्ध झाला. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. तीच साखर चिकट रूपात, अधूनमधून दिली असता कीड झपाट्याने वाढली. आणि टॉफी बंद केल्यावर नवी कीड पडण्याचे प्रमाण उतरले. साखर किती खाल्ली याइतकेच ती केव्हा, कितीदा आणि कोणत्या रूपात खाल्ली याला महत्त्व आहे, हे त्यावरून जगाला कळले. स्वीडनमधील मुलांना मिठाई फक्त शनिवारी देण्याची जी प्रथा आहे, तिचे मूळही याच निकालात सांगतात. परंतु ज्यांचे दात या ज्ञानापायी किडले, त्यांना कोणी विचारले नव्हते, त्यांच्या आप्तांनाही नाही. माणसावर प्रयोग करावयाचा तर त्याची संमती हवी, हे तत्त्व न्यूरेंबर्ग येथील न्यायालयाने १९४७ सालीच, म्हणजे टॉफी वाटण्याच्या सुमारासच, लिहून ठेवले होते. त्या रुग्णालयाच्या भिंतीपर्यंत ते पोचले नाही. आज आपले दात त्या माणसांच्या ऋणात आहेत, आणि त्यांच्यासारख्याच माणसांचे दात मात्र अजूनही सर्वांत शेवटी पाहिले जातात. या विसंगतीचा आम्हांस राग येतो. तो लपविण्याचे कारण दिसत नाही.

आणि आपण तरी काय करतो? जत्रेहून येणारा पाहुणा घरातील धडधाकट मुलांच्या हाती खाज्याचा एकेक तुकडा ठेवतो आणि खुर्चीतल्या मुलाच्या हाती अख्खी पुडी देतो, "बिचाऱ्याला खाऊ दे" म्हणून. मूल रडले की पेढा, शांत बसले की चॉकलेट, व्यायाम केला की गोळी. प्रेम खरे असते यात संशय नाही. पण गुळाचे चिकट खाजे ज्याच्या गालात दोन तास पडून राहावयाचे, त्याच्या तोंडात आपण लहानसे व्हिपेहोल्मच उघडीत असतो. खाजे द्यावेच, जेवणाच्या ताटात द्यावे, आणि मागाहून पाणी पाजून गाल मोकळा झाला की नाही ते पाहावे.

आता दात घासण्याची रीत. दंतवैद्यबाईंनी ती त्या मुलाच्या आईला दाखविली तेव्हा आम्ही जवळ उभे होतो. मुलाला आडवे करून, मान मागे टाकून दात घासणे ही मोठी चूक. त्याने पाणी, पेस्ट आणि लाळ श्वासनलिकेकडे जाते आणि ठसका लागतो. खुर्चीची चाके अडकवावी, मुलाला ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी. घासणाऱ्याने मागे अथवा बाजूला उभे राहून मुलाचे डोके आपल्या अंगाशी टेकवून घ्यावे, एका हाताच्या बोटाने ओठ हलकेच बाजूला करावा आणि दुसऱ्या हाताने ब्रश चालवावा. ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ केसांचा. त्याचे केस दात आणि हिरडी यांच्या सीमेवर तिरपे टेकवून बारीक बारीक वर्तुळे काढावी. प्रथम बाहेरची बाजू, मग आतली, मग दाढांचे माथे. जिभेकडील बाजू बहुतेकांची राहून जाते. उमासा येत असेल तर पुढच्या दातांपासून आरंभ करून मागे जावे. एकदम सगळे जमलेच पाहिजे असे नाही. सकाळी वरचे, दुपारी खालचे, असेही चालते. मात्र निजण्यापूर्वीचे घासणे चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी सुटते.

फ्लोराइड असलेली पेस्ट कीड रोखण्यास उपयोगी पडते. पण ज्याला थुंकता येत नाही त्याला ती अगदी पुसट लावावी आणि उरलेला फेस ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. हिरडीतून रक्त आले तर लोक घाबरून ब्रश ठेवून देतात. करावयाचे ते याच्या उलट : रक्त येते ते सुजेमुळे, आणि हलक्या हाताने रोज घासत गेले तर आठदहा दिवसांत ते बहुधा थांबते; न थांबल्यास दंतवैद्याला दाखवावे. तोंड उघडे राहावे म्हणून आपले बोट दातांमध्ये कधीही घालू नये. मूल चावू इच्छीत नसले तरी जबडा मिटतो, आणि त्याची शक्ती थोडी नसते. आमच्या कोकणी घरांत आंब्याच्या पानाने दात घासण्याची जुनी चाल होती, तिच्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या हिरड्यांना मशेरी लावून देणारी घरे आम्ही पाहिली आहेत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात स्वच्छ होत नाहीत, आणि तोंडाच्या कर्करोगाला मात्र वाट मिळते.

ज्याला थोडे का होईना, स्वतः करता येते, त्याच्या हातून ब्रश काढून घेऊ नये. मूठ आवळता येत नसेल तर ब्रशाचा दांडा जाड करावा. सायकलच्या मुठीवरचे रबर त्यावर चढविले किंवा रबरी चेंडूला भोक पाडून त्यात तो घातला, तरी काम होते. लवचीक पट्ट्याने ब्रश तळव्याला बांधता येतो. ज्याला दिसत नाही त्याने पेस्ट ब्रशावर घेण्याची धडपड न करता बोटावर घेऊन तोंडात लावावी, आणि दात साफ झाले की नाही ते जिभेने चाचपावे. साफ दात गुळगुळीत लागतो, थर असलेला दात लोकरीसारखा. (डोळसांनीही हा प्रयोग करून पाहावा. आम्ही केला आणि दात पुन्हा घासले.) स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, कित्येक मुलांना पुदिन्याची चव जळती वाटते, फेस सहन होत नाही. तेथे बिनचवीची पेस्ट, प्रसंगी नुसता ओला ब्रश, रोज तीच जागा, तीच वेळ आणि तोच क्रम, यांनी हळूहळू मार्ग निघतो.

हे सर्व दातांपुरतेच आहे असेही कोणी समजू नये. ज्यांना गिळणे नीट जमत नाही त्यांच्या लाळेबरोबर तोंडातील जंतू फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. जपानमध्ये वृद्धांच्या ११ शुश्रूषागृहांत केलेले एक निरीक्षण २००२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांचे तोंड प्रत्येक जेवणानंतर दुसऱ्यांनी स्वच्छ केले, त्यांच्यात न्यूमोनिया आणि त्याने येणारे मृत्यू इतरांपेक्षा कमी आढळले. नळीवाटे अन्न घेणाऱ्याच्या तोंडात घास जात नाही, म्हणून ते घासावयाचे कशाला, असे आम्हांस एकाने विचारले होते. अशा तोंडात किटण उलट अधिक साचते, आणि ते घासलेच पाहिजे.

दंतवैद्याकडे जाणे हा दुखल्यावरचा उपाय न ठेवता पहिला दात येताच, निदान पहिल्या वाढदिवसापर्यंत, सुरू करावे. पहिल्या खेपेस केवळ खुर्ची, दिवा आणि आरसा पाहून परत यावे. आधी सांगावे, मग दाखवावे, मग करावे, हा क्रम बालदंतवैद्य पाळतात. ज्याला ऐकू येत नाही तो ओठ वाचतो, म्हणून वैद्यांनी बोलताना तोंडावरची पट्टी दूर सरून काढावी, आणि श्रवणयंत्र लावणाऱ्याला यंत्राची घरघर सुरू होण्यापूर्वी खूण करावी. घरघर मुळीच न सोसणाऱ्यांसाठी आता अन्य उपायही आहेत : हातातील अवजारांनीच कीड खरवडून दात भरणे, किंवा चांदीच्या क्षाराचे एक औषध लावून कीड जागच्या जागी थांबविणे. या औषधाने कीड काळी दिसते. पण दुखणाऱ्याला रंगापेक्षा झोप प्यारी असते. फारच अवघड असेल तेव्हा भूल देऊन एकाच बैठकीत सर्व काम करतात. गोव्यात बांबोळी येथे १९८० पासून दंतमहाविद्यालय व रुग्णालय आहे. अशा महाविद्यालयांत लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो, तेथे चौकशी करावी.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आपल्याकडे २०१६ साली झाला. पूर्वी सात असलेले अपंगत्वाचे प्रकार त्याने एकवीस केले, आणि रुग्णालयांत अडथळ्याविना प्रवेश मिळावा असे सांगितले. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय नावाची विमा योजना आहे. तिची मर्यादा १ लाख रुपयांची असून तिच्यात दातांच्या प्रतिबंधक उपचारांचाही समावेश आहे. कायदा झाला तरी जिना आपोआप उतार होत नाही, हे खरे. पण दवाखान्यात जाण्यापूर्वी "तुमच्याकडे खुर्ची आत येते का?" असे विचारण्याचा संकोच तरी कोणी बाळगू नये. दहा जणांनी विचारले की अकराव्यासाठी फळी टाकली जाते, असा आमचा अनुभव आहे.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या थोरल्या भावाने आपल्या जुन्या सायकलचे रबर ब्रशाच्या दांड्यावर चढवून दिले आहे. समोरचे दात तो आता स्वतः घासतो; दाढा आईकडे. या वर्षी आरोग्याच्या तासाला आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्याने सावकाश उत्तर दिले, "सात मिनिटे. चार माझी, तीन आईची." मग तास संपल्यावर त्याने आम्हांस जवळ बोलावून सांगितले की, आईचा हात घाईच्या दिवशी फार जोरात चालतो, तेव्हा तो जरा हलका ठेवावा, असे गुरुजींनीच तिला सांगावे. आम्ही तो निरोप पोचविला आहे.